कोंबुचा १२ दिवसांनीही गोडच? आधी स्टार्टर किती घातला होता ते बघा

प्रश्न थोडक्यात परत लिहितो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. (कोंबुचा म्हणजे गोड चहा आंबवून केलेलं पेय.) गोरेगावचा फ्लॅट, कुरिअरने मागवलेली स्कोबी (कोंबुचा लावायला घालतात ती रबरासारखी चकती), काचेची ३ लिटरची बरणी, त्यात अडीच लिटर चहा, साखरेऐवजी गूळ, पाकिटात स्कोबीसोबत आलेलं साधारण १०० मिली आंबट पाणी. बरणी बेडरूममध्ये, तिथे रात्रभर एसी चालू. चिलटं घोंघावायला लागली म्हणून तिसऱ्या दिवशी झाकण घट्ट लावलं. आज १२वा दिवस, चव अजून गोड, स्कोबी तळाशी जाऊन बसलीये, वर नवीन थर नाही. आणि विचारताय की ब्रेडचं यीस्ट घालून वेग येईल का, की गॅलरीत उन्हात ठेवू.

दोन्ही करू नका. यीस्टने तुम्हाला हवा तो आंबटपणा येणार नाही (का ते खाली सांगतो) आणि उन्हात बरणी दुपारी प्रचंड तापते, रात्री गार होते, शिवाय थेट ऊन त्या कल्चरला, म्हणजे आंबवणाऱ्या जंतूंना, चालत नाही. तुमच्या केसमध्ये एक नाही, चार गोष्टी एकत्र आल्यात, पण त्यातली सगळ्यात मोठी आहे ते १०० मिली. मुंबईत कोंबुचा स्लो होण्याच्या ज्या तक्रारी माझ्याकडे येतात त्यात बहुतेक वेळा गाडी इथेच अडकलेली असते, आणि लोक मात्र स्कोबीच्या त्या चकतीकडे बघत बसतात.

ती चकती म्हणजे कोंबुचा नव्हे. हे नीट समजलं की अर्धे प्रश्न सुटतात म्हणून जरा सविस्तर लिहितो. ती जाड रबरासारखी चकती म्हणजे बॅक्टेरियांनी पृष्ठभागावर विणलेला सेल्युलोज. त्यात जंतू असतात, नाही असं नाही, पण खरं काम करणारी फौज त्या आंबट पाण्यात असते. जुन्या बॅचचं आंबट पाणी म्हणजेच स्टार्टर, आणि त्याचं काम आपल्या दह्याच्या विरजणासारखंच, फरक इतकाच की दुधाला चमचाभर विरजण पुरतं आणि कोंबुचाला ते पुरत नाही. कारण इथे स्टार्टरला दोन कामं आहेत. एक म्हणजे जंतू पुरवायचे, आणि दुसरं म्हणजे पहिल्याच मिनिटापासून सगळ्या चहाला आंबट करून ठेवायचं. साखरेचा चहा मुळात फारसा आंबट नसतो, त्याचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) ५ च्या वर असतो, आणि तसा तो उघडा ठेवला तर त्यावर बुरशीपासून काहीही वाढू शकतं. चांगला जुना स्टार्टर, ज्याचा पीएच ३ च्या आसपास असतो, तो पुरेसा घातला की मिश्रण लगेच साडेचारच्या खाली येतं, मग बुरशीला आणि बाकीच्या आगंतुकांना जागा राहत नाही आणि आपली मंडळी निवांत कामाला लागतात.

आता पुरेसा म्हणजे किती, तर एकूण बॅचच्या निदान १० टक्के, आणि नवशिक्यांना मी २० टक्केच सांगतो. तुम्ही अडीच लिटरला १०० मिली घातलं, म्हणजे ४ टक्के. तेही कुरिअरच्या गोडाऊनमध्ये किती दिवस पडून होतं, फ्रीजमधून काढून पाठवलं होतं का, काही माहीत नाही. फ्रीजमध्ये बरेच दिवस राहिलेली स्कोबी मरत नाही सहसा, पण सुस्त पडते, पहिली बॅच ढकलत ढकलत जाते. तर अशा थोड्याशा दमलेल्या स्टार्टरवर तुम्ही अडीच लिटरचं ओझं टाकलंत. विकणाऱ्याने पाकिटावर ३ लिटरपर्यंत बनवा असं लिहिलं असेल तर त्यात तुमचा दोष काही नाही, पण ते प्रमाण चुकीचं आहे.

मग पुढचा मुद्दा, खरंच स्लो आहे का हे कशावरून ठरवायचं. स्कोबी तरंगतेय की बुडालीये यावरून काहीही ठरत नाही, ती तळाशी, आडवी, उभी कशीही राहो. वर नवीन थर येतोय का हे बऱ्यापैकी चांगलं लक्षण आहे पण त्यालाही आठवडा दीड आठवडा लागतो, आणि तुम्ही रोज चमचा घालून ढवळत असाल किंवा बरणी इकडून तिकडे हलवत असाल तर तो कोवळा थर दर वेळी फाटतो आणि परत पहिल्यापासून सुरू होतो. चव हे खरं माप आहे, पण गुळाच्या गोडीखाली थोडा आंबटपणा झाकला जातो. म्हणून माझं म्हणणं, पीएच बघा. साधे १ ते १४ वाले पट्टीचे कागद घेऊ नका, त्यात ४ आणि ५ मधला फरक डोळ्यांना कळत नाही, त्यात चहाचा रंग कागदावर चढतो तो वेगळाच. कमी रेंजच्या पट्ट्या मिळतात, ० ते ६ किंवा त्याहून बारीक, त्या चालतील. नाहीतर पेनसारखा छोटा पीएच मीटर घ्या, ऑनलाइन मिळतो, किंवा प्रिन्सेस स्ट्रीटला प्रयोगशाळेचं सामान विकणारी दुकानं आहेत तिथे चौकशी करा. सोबत ४.०१ आणि ६.८६ अशा ठरलेल्या पीएचच्या बफर पावडरच्या पुड्या येतात, त्याने आधी मीटर जुळवून घ्या, न जुळवलेला मीटर म्हणजे नुसता आकडा दाखवणारं खेळणं. नमुना काढताना स्वच्छ स्ट्रॉ थराच्या कडेने आत घाला, वरून बोट दाबून थोडं पाणी उचला, वाटीत काढून तपासा आणि ते पाणी परत बरणीत ओतू नका.

माझा नियम असा आहे की सातव्या दिवसापर्यंत पीएच ४.२ किंवा त्याखाली यायलाच पाहिजे. आला असेल तर बॅच जिवंत आहे, फक्त हळू आहे, तिला जागा बदलून द्या आणि थांबा. आला नसेल तर ती बॅच वाचवायच्या भानगडीत पडू नका. तुमचा १२वा दिवस आहे, म्हणजे आज मोजा आणि आकडा ४.२ च्या वर असेल तर सगळं बेसिनमध्ये ओता, स्कोबीसकट. वाईट वाटतं, पैसे देऊन मागवलेली असते, रोज उठून तिच्याकडे बघितलेलं असतं, मला समजतं. पण गोड, कोमट, जेमतेम आंबट पाणी १२ दिवस ठेवलेलं आहे, त्यात काय वाढलंय ते डोळ्यांना दिसेलच असं नाही. आणि बुरशी दिसली, म्हणजे वरच्या बाजूला कोरडी, केसाळ, पांढरी हिरवी काळी गोल ठिपक्यांची वाढ, तर पीएच काहीही असो, टाकायचंच, वरचा भाग खरवडून खालचं वापरायचं नाही. मात्र खाली लोंबणारे तपकिरी, बुळबुळीत धागे म्हणजे बुरशी नाही, ते यीस्टचे आहेत, त्यांना घाबरून चांगली बॅच फेकणारे पण बरेच असतात. तिसरा प्रकार, पातळ कोरडी सुरकुतलेली पांढरी साय पृष्ठभागभर, तो पण एक यीस्टचाच प्रकार, विषारी नाही पण वास आणि चव बिघडवतो, आणि तो आला म्हणजे आंबटपणा कमी पडला हे नक्की समजायचं.

आता तापमान. तुम्ही म्हणाल मुंबईत कसली थंडी. बरोबर आहे, आणि म्हणूनच इथे कोणी तापमानाचा विचार करत नाही. कोंबुचाला २४ ते २९ अंश आवडतं, म्हणजे एसी नसलेलं मुंबईतलं कुठलंही घर वर्षाचे बहुतेक महिने आपसूक त्या रेंजमध्ये किंवा जरा वरच असतं, मे महिन्यात तर पाच सहा दिवसांत बॅच आंबून तयार होते आणि लक्ष नाही दिलं तर व्हिनेगर होते. पण एसी बेडरूम म्हणजे वेगळं गाव आहे. रिमोटवर २४ दिसतं तेव्हा बरणी जर एसीच्या झोतात किंवा थंड फरशीवर असेल तर आतलं पाणी त्याहून खाली जातं. २० च्या खाली काम रेंगाळतं, १८ च्या खाली जवळपास थांबतंच. आणि दिवसा एसी बंद झाल्यावर खोली परत ३० ला, म्हणजे रोज वर खाली वर खाली. लोक यावर बरणीला टॉवेल गुंडाळतात. त्याने चढउतार जरा मंद होतो, बरणी गरम होत नाही, कारण कोंबुचा स्वतः सांगण्यासारखी उष्णता तयार करत नाही, टॉवेल अडवणार काय. सरळ एसी नसलेल्या खोलीत हलवा. स्वयंपाकघरातलं वरचं कपाट चांगलं, फक्त गॅसच्या अगदी डोक्यावर नको आणि फळांची टोपली, ब्रेड, इडलीचं पीठ यांच्या शेजारी नको. डिसेंबर जानेवारीत ज्या थोड्या रात्री पारा १६-१७ ला जातो तेव्हा फ्रीजच्या डोक्यावर ठेवा, जुन्या फ्रीजचा वरचा भाग बऱ्यापैकी कोमट असतो. हीट मॅट वगैरे परदेशी व्हिडिओत बघून मागवू नका, मुंबईत गरज नाही.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट, चहा गरम असताना स्कोबी घालणं. तुम्ही लिहिलं नाहीये पण विचारतो, कारण ३ लिटर चहा आपल्या हवेत निवायला तासन् तास घेतो आणि वरून हाताला भांडं कोमट लागलं तरी आत गरमच असतं. ४० अंशांच्या वर स्टार्टर घातला तर त्यातले बरेच जंतू तिथेच मेले म्हणून समजा, मग पुढे १२ दिवस काय आणि २० दिवस काय. सोपा मार्ग असा की एकूण पाण्याच्या एक तृतीयांश पाण्यात चहा आणि साखर कडक करून घ्यायची, आणि उरलेलं पाणी आधीच उकळून गार करून ठेवलेलं असलं की ते त्यात ओतायचं. त्याने सगळं बरंच लवकर निवतं.

झाकणाचा मुद्दा आता. झाकण घट्ट लावणं हे तुमच्या बॅचला नडलंय, आणि का ते कळण्यासाठी आत काय चालतं ते बघू. आधी यीस्ट साखरेचे दोन तुकडे करतं, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. मग त्याचं थोडं अल्कोहोल आणि गॅस बनवतं. मग बॅक्टेरिया ते अल्कोहोल घेऊन त्याचं ॲसिटिक ॲसिड करतात, म्हणजे व्हिनेगरमधला आंबटपणा, आणि ग्लुकोजचं ग्लुकॉनिक ॲसिड करतात, जो जरा मऊ आंबट असतो. पण बॅक्टेरियाच्या या कामाला हवा लागते, ऑक्सिजन लागतो. झाकण लावलं की यीस्ट आपलं चालू राहतं, बॅक्टेरिया उपाशी. म्हणूनच ब्रेडचं यीस्ट घालू नका म्हटलं, तुमच्याकडे कमतरता आहे ती बॅक्टेरियांची, यीस्ट वाढवलंत तर गॅस येईल, अल्कोहोल वाढेल, बिअरसारखा वास येईल आणि आंबटपणा तिथल्या तिथेच.

तोंडावर कापड बांधा. मलमल किंवा जाळीदार पंचा नको, आपल्याकडची चिलटं त्यातून सहज आत शिरतात आणि थरावर अंडी घालतात, मग ती बॅच गेलीच. दाट विणीचा जुना सुती रुमाल दुहेरी करून, वरून घट्ट रबर. पावसाळ्यात तर दोन रबर लावा. बरणी रुंद तोंडाची हवी आणि गळ्यापर्यंत भरायची नाही, जिथे ती अजून रुंद आहे तिथपर्यंतच भरायची, कारण हवेला लागणारा पृष्ठभाग जितका मोठा तितकं आंबण्याचं काम वेगाने. निमुळत्या गळ्याच्या बाटलीत तोच चहा, तोच स्टार्टर दुपटीने वेळ खाऊ शकतो. भांडं काचेचंच असू दे. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम अजिबात नाही, आंबट पाणी धातू खातं आणि तो धातू तुमच्या पोटात जातो. आजीच्या काळातली लोणच्याची चिनीमातीची बरणी पण नको, जुन्या चकाकीत शिसं असू शकतं.

गुळाबद्दल माझं मत जरा कडक आहे. पहिल्या तीन चार बॅच साध्या पांढऱ्या साखरेवर करा, लिटरला ६० ते ७० ग्रॅम. आरोग्याचा विचार करून गूळ घातला असेल ते समजतं, पण साखर इथे तुमच्यासाठी नाही, कल्चरच्या जेवणासाठी आहे. गुळाने कोंबुचा होतो, छान होतो, पण गुळातल्या क्षारांमुळे पीएच खाली यायला जास्त ॲसिड लागतं, आणि प्रत्येक ढेप वेगळी. त्यात जो गूळ फार पिवळाधमक दिसतो तो बऱ्याचदा हायड्रॉस घालून उजळलेला असतो, त्यातलं सल्फाइट जंतूंना दाबून ठेवतं. कल्चर धष्टपुष्ट झाल्यावर काळपट, बिनरसायनाचा गूळ आणून थोडा थोडा वाढवत जा, मग जमेल. मधाचंही तेच, आत्ता नको. स्टीव्हिया आणि शुगर फ्री घालून बनवायचा विचार असेल तर सोडून द्या, ते जंतूंचं अन्नच नाही.

चहा साधा काळा, लिटरला ६-७ ग्रॅम पानांचा चहा, टी-बॅग वापरत असाल तर एकीत साधारण २ ग्रॅम असतो म्हणजे लिटरला तीन. घरातली सीटीसी, म्हणजे दाणेदार चहा पावडर चालते, फक्त जरा कमी घ्या आणि पाच सात मिनिटांत गाळा, नाहीतर कडू होते. मसाला चहा, आलं वेलची फ्लेवरचा चहा, बर्गमॉटच्या वासाचा अर्ल ग्रे, हे पहिल्या आंबवणीत नको. लवंग आणि दालचिनीची तेलं जंतूंना मारक आहेत, म्हणून तर पदार्थ टिकवण्यासाठीही ती वापरतात. मसाल्याची चव हवी तर ती नंतर बाटलीत.

पाण्यावर लोक फार वेळ घालवतात. आपल्या नळाला भातसा, वैतरणा, तानसाचं पाणी येतं, ते पालिका क्लोरीन घालून देते, पावसाळ्यात त्याचा वास जास्त जाणवतो. उकळलं की क्लोरीन जातं. फक्त चहा उकळून वरून थेट नळाचं पाणी ओतू नका, एवढंच. फिल्टरचं, आरओचं चालतं. इथे दोष सापडण्याची शक्यता मला फार कमी वाटते.

तर आता प्रत्यक्ष काय करायचं. आजचा पीएच ४.२ च्या खाली आला आणि बुरशी नसेल तर झाकण काढून रुमाल बांधा, बरणी बेडरूममधून बाहेर आणा आणि आठवडाभर हात लावू नका. आंबट होईल. ती पिण्यासाठी धरू नका, तिला पुढच्या बॅचचा स्टार्टर म्हणून ठेवा, चव पण गुळामुळे काही खास नसेल. पीएच वर असेल तर ओतून द्या, बरणी गरम पाण्याने आणि साबणाने धुवून पूर्ण वाळवा, आणि नवीन स्टार्टर शोधा. कुणी ओळखीचं बनवत असेल तर त्यांच्याकडून चकती मागू नका, दोन तीन आठवडे आंबलेलं आंबट पाणी मागा, चकती मिळाली तर मिळाली. कुणीच नसेल तर दुकानातली बाटली घ्या पण तिच्यावर रॉ आणि अनपाश्चराइज्ड असं असलं पाहिजे आणि कुठलाही फ्लेवर नको. पाश्चराइज केलेल्या बाटलीत जिवंत काही नसतं, तिची कितीही वाट बघा.

आणि मग मोठी बरणी भरायची घाई करायची नाही, पायरीपायरीने वाढवायचं. समजा १०० मिली स्टार्टर हाताशी आहे. तर ४०० मिली चहा करा, त्यात ३० ग्रॅम साखर, ३ ग्रॅम चहा. एकूण अर्धा लिटर, म्हणजे स्टार्टर बरोबर २० टक्के. रुंद काचेच्या भांड्यात, रुमाल बांधून, स्वयंपाकघराच्या कपाटात. मुंबईच्या हवेत आठवड्याभरात ते तोंड वाकडं होण्याइतकं आंबट व्हायला पाहिजे, झालं नाही तर आणखी चार दिवस द्या. मग त्या अख्ख्या अर्ध्या लिटरवर २ लिटर चहा घाला, १३० ग्रॅम साखर, १४ ग्रॅम चहा. हे झाले अडीच लिटर, परत स्टार्टर २० टक्केच. म्हणजे एकूण दोन आठवड्यांत तुम्ही तिथेच पोचता जिथे एकदम उडी मारून पोचायचा प्रयत्न केला होता, पण या वेळी चहा पहिल्या दिवसापासून आंबट असतो. दुकानातल्या बाटलीपासून सुरू करत असाल तर पहिल्या पायरीला तीन आठवडेही लागू शकतात, ते नॉर्मल आहे, पीएच खाली असेल तर काळजी नको.

स्टार्टर कमी पडतोय आणि दुसरा उपाय नाही असं झालं तर साधं पांढरं व्हिनेगर थोडं घालून सुरुवातीचा पीएच साडेचारच्या खाली आणता येतो. पण त्याने फक्त बुरशीपासून संरक्षण मिळतं, जंतू मिळत नाहीत, वेग येत नाही. आणि मदर (जंतूंचा गढूळ पुंजका) असलेलं ॲपल सायडर व्हिनेगर नको, त्यातलं कल्चर वेगळं, ते तुमच्या कोंबुचावर चढून बसतं.

पुढच्या काही बॅचनंतर एक वेगळा स्लोपणा येतो, तो आधीच सांगून ठेवतो. गोडी संपते, फेस येतो, वास बिअरकडे झुकतो, पण आंबट काही होत नाही. यात यीस्ट पुढे गेलंय आणि बॅक्टेरिया मागे पडलेत. जवळपास नेहमी कारण हेच की प्रत्येक वेळी बरणी ओतून झाल्यावर तळाशी उरलेला गाळ स्टार्टर म्हणून वापरला जातो, आणि तळाशी यीस्टच जास्त असतं. बॅक्टेरिया वर, हवेजवळ. म्हणून बॅच तयार झाली की आधी वरच्या वर पाव भाग पाणी स्टार्टरसाठी काढून ठेवा, ढवळायच्या आधी, मग बाकीचं बाटलीत भरा. तपकिरी धाग्यांचे पुंजके झाले असतील तर काढून टाका. दोन बॅचमध्ये तोल परत येतो. उलटा प्रकार, म्हणजे झणझणीत आंबट पण गॅसच नाही, असं झालं तर थोडा तळाचा गाळ मुद्दाम मिसळायचा.

बाटलीतलं सेकंड फर्मेंट, म्हणजे तयार कोंबुचा चव आणि गॅससाठी बाटलीत पुन्हा आंबवणं, स्लो असेल तर तिथले नियम उलटे आहेत. तिथे हवा नको, झाकण घट्ट हवं, कारण गॅस आत अडकायला पाहिजे. भरताना बरणी ढवळून घ्या म्हणजे प्रत्येक बाटलीत यीस्ट जाईल. कोकम घालणाऱ्यांची हमखास तक्रार असते की फिझ येत नाही, त्याचं कारण बिनसाखरेच्या कोकमात आंबायला साखरच फारशी नाही, बाटलीला अर्धा चमचा साखर घाला, येईल. आंब्याच्या रसाचं बरोबर उलट. हापूसच्या रसात इतकी साखर असते की मे महिन्याच्या उकाड्यात बाटली दोन दिवसांत फुटण्याइतकी भरते, आणि काचेची बाटली स्वयंपाकघरात फुटणं ही गंभीर गोष्ट आहे. त्यासाठी प्रत्येक बॅचमध्ये एक प्लास्टिकची सोड्याची बाटली भरून ठेवा, ती दाबून बघायची, दगडासारखी कडक झाली की बाकीच्या सगळ्या ताबडतोब फ्रीजमध्ये. चौकोनी शोभेच्या बाटल्या वापरू नका, दाब सहन करणाऱ्या, गोल, जाड काचेच्याच.

पिण्याबद्दल पण लिहितो कारण स्लो बॅचमध्ये लोक कंटाळून महिनाभर बरणी विसरतात आणि मग ते प्रचंड आंबट पाणी आरोग्यदायी म्हणून ग्लासभर पितात. १९९५ मध्ये अमेरिकेत आयोवा राज्यात कोंबुचा पिणाऱ्या दोन बायका गंभीर आजारी पडल्या, एकीचा मृत्यू झाला. कोंबुचामुळेच झालं असं सिद्ध झालं नाही, पण तिथल्या सीडीसीने (सरकारी रोगनियंत्रण संस्थेने) तेव्हा निरोगी माणसाने दिवसाला साधारण १२० मिली प्यायला हरकत दिसत नाही असं म्हटलं होतं, आणि मी अजून तेच प्रमाण धरून चालतो. पीएच २.५ च्या खाली गेलेलं पिऊ नका, ते स्टार्टरसाठी उत्तम. घरच्या कोंबुचात थोडं अल्कोहोल असतंच, बाटलीत गोड फळ घालून ठेवलं तर अर्ध्या टक्क्याच्या वरही जातं, म्हणून लहान मुलं, गरोदर बायका, यकृताचा किंवा प्रतिकारशक्तीचा त्रास असलेले, यांना देऊ नका, आणि जे कुणी अजिबात घेत नाहीत त्यांना ही गोष्ट आधी सांगा.

नवीन बॅच लावलीत की पहिल्याच दिवशी, सगळं मिसळल्यावर, पीएच लिहून ठेवा, परत चौथ्या आणि सातव्या दिवशी. पहिला आकडा साडेचारच्या वर असेल तर स्टार्टर कमी आहे, लगेच आणखी घाला. पहिला ठीक आणि सातव्या दिवशी हललाच नसेल तर आधी बरणीजवळ थर्मामीटर ठेवून बघा, तो २४ च्या वर असेल आणि तोंडाला कापड असेल, तर तुम्हाला मिळालेला स्टार्टर मेलेला होता, दुसरीकडून आणा.